नागपूरजवळ बेसाला फ्लॅट घेऊन किरायाने द्यायचा आहे: कागद कोणते बघू, करार कसा करू?

वर्धारोडकर:
बेसाला रीसेलचा 2 बीएचके पाहून ठेवला आहे, भाव 40 लाख. राहायचे नाही, किरायानेच द्यायचा आहे. दलाल 13,000 महिना सांगतो. सहा फ्लॅटची इमारत, तळमजल्यावर एक दुकान. लेआउट आरएलचा, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचे पत्र असलेला. दलालाचे म्हणणे, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर 11 महिन्यांची नोटरी केली की काम झाले. मुदत संपूनही किरायेदार हलला नाही तर काय? आणि आरएल असला म्हणजे कागद पक्का समजायचा का?

धंतोली_विधी:
भाऊ, नोटरीवर भागवू नका. 11 महिन्यांचा आकडा नोंदणी कायद्यातून आला आहे. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला त्या कायद्यात नोंदणीची सक्ती नाही. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 55 लागू आहे. करार एक महिन्याचा असो की पाच वर्षांचा, तो लेखी आणि नोंदलेलाच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल तर वादात अटींबाबत किरायेदार सांगेल ते खरे धरले जाते, ते खोडून काढणे तुमच्या गळ्यात पडते. वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

करार लीव्ह अँड लायसन्सचाच करा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहण्याची नुसती परवानगी. माणूस मुदतीनंतर हलला नाही तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज करता येतो, दिवाणी दाव्याच्या तारखा मोजाव्या लागत नाहीत. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत त्याने लढायची परवानगी मागितली नाही, तर तुमचे म्हणणे मान्य धरून ताब्याचा हुकूम होतो. जादा राहिलेल्या दिवसांसाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाईही मागता येते.

घोळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो. करार संपतो, दोघेही विसरतात, किराया खात्यात येत राहतो. मग समोरचा म्हणतो, तोंडी नवा करार झालाच होता. मुदत संपायच्या महिनाभर आधी नवा करार नोंदवा, नाहीतर लेखी नोटीस द्या. मुदतीनंतर पैसे आलेच, तर ते किराया म्हणून नव्हे, नुकसानभरपाईपोटी घेतल्याचे त्याच आठवड्यात लेखी कळवा.

खर्चाला घाबरण्यासारखे काही नाही. 11 महिन्यांचा किराया 1,43,000. डिपॉझिट 40,000 धरले तर त्यावर 10 टक्क्यांनी व्याज 3,667. बेरजेच्या 0.25 टक्के, म्हणजे मुद्रांक शुल्क जेमतेम 400. नोंदणी फी शहरी हद्दीत 1,000, ग्रामीण भागात 500. आयजीआर महाराष्ट्रच्या, म्हणजे राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आधार आणि अंगठ्याने घरूनच होते. पोलिसांना किरायेदाराची माहिती द्यायची ती वेगळी. ऑनलाइन भरा आणि पोच जपून ठेवा.

मौजा_खसरा:
आरएलबद्दल सांगतो, कारण इथेच लोक फसतात. आरएल म्हणजे गुंठेवारी कायद्याखाली प्लॉट नियमित झाल्याचे पत्र. त्यावरची इमारत मंजूर आहे, असा त्याचा अर्थ अजिबात नाही. बेसा महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे मंजूर नकाशा एनएमआरडीएचा (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), किंवा इमारत जुनी असेल तर त्या वेळच्या प्राधिकरणाचा मागा. त्यात फ्लॅट किती आणि मजले किती ते मोजा. नकाशात चार आणि जागेवर सहा असतील, तर वरचे दोन अनधिकृत. भोगवटा प्रमाणपत्र वेगळे मागा.

आरएलवरचा मौजा, खसरा (जमिनीचा सर्व्हे) क्रमांक आणि प्लॉट क्रमांक सातबाऱ्याशी आणि आधीच्या रजिस्ट्रीच्या सूची दोनशी (इंडेक्स टू, नोंदणीचा उतारा) अक्षरन् अक्षर जुळवा. एका खसऱ्यात दोन लेआउट पडले असतील तर प्लॉट क्रमांक दोनदा येतो. मालकीच्या नोंदींचा 30 वर्षांचा सर्च वकिलाकडून करून घ्या.

'महारेरा नंबर नाही' एवढ्यावरून फ्लॅट सोडू नका आणि तेवढ्यावरून निर्धास्तही होऊ नका. जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्तीच नाही, आणि आपल्याकडच्या तीन हजार फुटांच्या प्लॉटवरच्या इमारती त्यातून सुटतात. म्हणजे तपासणी सगळी तुमच्यावरच.

हिशेबही नीट करा. 40 लाखांवर वर्षाला 1,56,000, म्हणजे 3.9 टक्के, तेही बारा महिने फ्लॅट भरलेला राहिला तर. घरटॅक्स, मेंटेनन्स आणि रंगरंगोटी यातूनच जाते. कर्ज काढून घेणार असाल तर व्याजच किरायापेक्षा जास्त होईल. नव्या करप्रणालीत घराचा तो तोटा पगारातून वजा होत नाही.

वर्धारोडकर:
खालचे दुकानही विकाऊ आहे. तेही याच करारावर देता येईल का?

धंतोली_विधी:
करार करता येईल, पण कलम 24 ची झटपट वाट फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. दुकानदार अडून बसला तर रीतसर दावाच लावावा लागतो. पहिल्या खेपेला फ्लॅटच बरा.

त्रिमूर्तीनगर:
नागपूरचे एक कलम करारात हवेच: कुलर. मार्चमध्ये किरायेदार खिडकीबाहेर स्टँड ठोकतो, टबातून पाणी झिरपते, बोअरचे खारे पाणी असेल तर ग्रिल गंजते आणि दोन उन्हाळ्यांत खिडकीखालचे प्लास्टर फुगून सुटते. स्टँड तुम्ही स्वतःच लावून द्या, टबाच्या ओव्हरफ्लोला पाइप जोडून तो खाली नेऊन सोडा, गवत आणि पंप बदलायचा खर्च कोणाचा ते लिहा. त्याहून महत्त्वाचे, कुलरच्या पॉइंटला तीन पिनांचा सॉकेट, चालू अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावा. ओल्या टबाला हात लागून दर उन्हाळ्यात माणसे दगावतात. किल्ली देण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

वीजमीटर तुमच्या नावावरच राहील. चावी देताना आणि घेताना रीडिंगचा फोटो काढा, आणि शेवटचे बिल भरल्याची पावती हातात आल्यावरच डिपॉझिट परत करा. बिल थकवून माणूस गेला, तर महावितरणची थकबाकी तुमच्या फ्लॅटवर राहते आणि ती भरल्याशिवाय नवा किरायेदार अंधारात बसतो.