रेडशर्ट : राखीव की पड?

मूळ प्रश्न
अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर मराठीत लिहितोय. विषय लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीचा, म्हणजे एलएसयूचा, २०१९ चा हंगाम. १५ सामने, पंधराही जिंकले. क्वार्टरबॅक (म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा) जो बरो याचे ६० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकी. टचडाउन, क्वार्टरबॅक तसेच ठेवलेत. अडलोय 'रेडशर्ट'पाशी. बरो २०१५ मध्ये ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीकडे रेडशर्ट होता. 'लाल शर्टवाला' लिहिलं तर लोक त्याला स्टेशनवरचा हमाल समजतील. 'राखीव खेळाडू' चालेल का?

प्रतिसाद
राखीव नकोच. कबड्डीतला राखीव गडी बाहेर बसतो आणि गरज पडली की त्याच सामन्यात आत येतो. इथे नियम असा की पाच वर्षांत चार हंगाम खेळायचे. पोरगा अंगाने कच्चा असला की त्याला वर्षभर सरावात घेतात, सामन्यात उतरवत नाहीत, म्हणजे ते वर्ष चारांत धरलं जात नाही. (२०१८ पासून चार सामन्यांपर्यंत मुभा आहे.) राखला जातो तो हंगाम, खेळाडू नव्हे. शब्द नेब्रास्कातून आला असं सांगतात : १९३७ मध्ये वॉरन आल्फसनने असं वर्ष मागून घेतलं आणि बिननंबरचा लाल शर्ट घालून सराव केला.

प्रतिसाद
मग रानातला शब्द घ्या की! 'सीझन'च्या मुळाशी लॅटिनमधली पेरणी आहे. आपला हंगाम फारसीतून 'वेळ' या अर्थाने आला, पण रुळला शेतातच : खरीप, रब्बी, उसाचा गळीत हंगाम. जमिनीचा कस वाढावा म्हणून रान पड टाकतात, तसं 'बरोचं पहिलं वर्ष पड टाकलं'.

प्रतिसाद
पड म्हटलं की डोळ्यांसमोर कुसळं येतात. हा तर रोज घाम गाळतोय.

प्रतिसाद
ते पडीक. पडीकाकडे कुणी फिरकत नाही. पड टाकलेलं रान नांगरून उन्हात तापू देतात, तेही कामच. फक्त पीक घेत नाहीत.

प्रतिसाद
पडबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण 'हंगामी' जपून वापरा. एड ओर्जेरॉन २०१६ च्या सप्टेंबरात एलएसयूचा हंगामी प्रशिक्षक झाला, हे बरोबर. तिथे अर्थ तात्पुरता, हंगामी मुख्यमंत्र्यासारखा. नोव्हेंबरात त्याला कायम केलं. २०१९ च्या संघाला 'हंगामी संघ' म्हणालात की फसलात. आमच्या नगरकडे जत्रेतल्या कुस्त्यांना 'हगामा' म्हणतात, तो आणखी निराळा.

मूळ प्रश्नकर्ता
पड घेतो. वाक्य असं केलंय : '२०१५ हे वर्ष पड टाकलं नसतं, तर बरोचे चार हंगाम २०१८ लाच संपले असते, आणि न्यू ऑर्लिन्सला अंतिम सामन्यात क्लेम्सनवर मिळवलेला ४२-२५ असा विजय त्याच्या वाट्याला आला नसता.' खाली एक ओळ खुलासा देईन. आता राहिला पीच बोल. उपांत्य सामना तोच होता, ओक्लाहोमावर ६३-२८. बोलला काय म्हणू?

प्रतिसाद
बोलच. वाडग्याच्या आकाराच्या स्टेडियमवरून नाव पडलंय खरं, पण 'पीचचा वाडगा' लिहिलंत तर लोक चमचा मागतील.