गुणात्मक संशोधन सोपं नसतं

स्टॅटिस्टिक्स जमत नाही म्हणून गुणात्मक संशोधन (आकड्यांऐवजी मुलाखतींसारख्या गोष्टींवर आधारलेलं) घ्या, सोपं जातं, असा सल्ला संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांना दिला जातो, तो मला अजिबात पटत नाही. पद्धत प्रश्नावरून ठरते, 'किती जणांनी शिक्षण सोडलं' याला आकडेच लागणार आणि 'का सोडलं, घरी काय बोलणं झालं' यासाठी माणसांशी बोलावंच लागतं. आणि हा सल्ला देताना वेळेचं तर कुणी बोलत नाही. मी एमएला असताना १२ मुलाखती घेतल्या, तासाभराचं एक रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला मला ५-६ तास लागायचे, कोडिंग, म्हणजे उतरवलेल्या मजकुरातल्या मुद्द्यांना नावं देऊन त्यांचे गट पाडणं, ते वेगळंच. एक बाई "तसं काही नाही" म्हणून बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग खरं कारण सांगितलं, ती शांतता मी टाइप करताना गाळलीच होती, गाईडनी रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा लक्षात आलं आणि सगळ्या मुलाखती परत ऐकाव्या लागल्या.

मुलाखती किती घ्यायच्या याला ठरलेला आकडा नाही. ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये मांडलेली सॅच्युरेशनची कल्पना बघा, म्हणजे नव्या मुलाखतीतून नवीन काही निघेनासं झालं की थांबायचं. पण ते कळायला पहिल्या दोन मुलाखती झाल्या की लगेच उतरवायला बसा, सगळ्या संपायची वाट बघू नका, प्रश्न कुठे चुकतायत ते तिथेच दिसतं.