मदत हवी आहे (तातडीचे): परदेशी पाहुण्यांचे नाशिकमधील तीन दिवस कसे आखावेत?

पंचगंगा

नमस्कार. मी मूळची कोल्हापूरची असून गेली सतरा वर्षे जर्मनीत नोकरी करते. कंपनीने दोन वर्षांसाठी नाशिकला पाठवल्यामुळे ऑगस्टपासून पती आणि नऊ वर्षांच्या मुलासह गंगापूर रोडला राहते. आमचे काम अंबडला चालते, परंतु पुरवठादार चाकण आणि वाळूजला असल्याने सोमवारी पहाटे घर सोडले की बहुधा गुरुवारी रात्रीच परत येणे होते, आणि महिन्यातून दोनदा बंगळूरची फेरी असते ती वेगळीच. त्यातच मुख्य कार्यालयातून दर दोन-तीन आठवड्यांनी कोणी ना कोणी येते. त्यांचे शुक्रवारचे जेवण माझ्या घरी आणि शनिवार-रविवारचे फिरणे माझ्याकडे, हे कोणी न सांगताच ठरून गेले आहे.

मागच्या खेपेला मला फार वाईट वाटले. एका मोठ्या देवस्थानात आम्ही सव्वा तास रांगेत उभे राहिलो आणि दाराशी आल्यावर कळले की माझ्या पाहुण्यांना आत जाता येणार नाही. ते काही बोलले नाहीत, चपला हातात धरून शांतपणे मागे फिरले. त्याच संध्याकाळी ज्या वाइनरीत गेलो तिथे आगाऊ नोंदणी नसल्याने बसायला जागा मिळाली नाही. आधी चौकशी करायला हवी होती, हे मला मान्य आहे.

आता पुन्हा पाहुणे येत आहेत. वाइनरी शेवटच्या दिवशी, म्हणजे सोमवारी ठेवली आहे, कारण त्या दिवशी गर्दी नसते. बाकी दोन दिवसांचा कार्यक्रम कृपया सुचवावा. मला उद्या वेळापत्रक पाठवायचे आहे, त्यामुळे लवकर उत्तर मिळाल्यास बरे होईल.

गोदाकाठ

ताई, नाशिकमध्ये स्वागत. पण पाहुणे किती आहेत, त्यांची वये काय, कोणत्या तारखांना येत आहेत, उतरणार कुठे आणि परतीचे विमान कुठून आहे, यातले काहीच तुम्ही लिहिलेले नाही. हे कळल्याशिवाय दिलेला सल्ला उपयोगी पडणार नाही.

सह्यभटक्या

माहिती येईपर्यंत माझे मत नोंदवून ठेवतो. परदेशी माणसाला नाशिक जिल्ह्यात एकच गोष्ट दाखवायची असेल तर ती हरिहर गडाच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या. मी चौदा वेळा गेलो आहे. निरगुडपाड्याहून पहाटे निघावे आणि नऊपर्यंत माथा गाठावा. पायऱ्यांना हात घालायला खोबण्या आहेत, वरून ब्रह्मगिरी आणि वैतरणेचे पाणी दिसते. युरोपातील लोकांना डोंगर चढण्याची सवय असते, त्यांना हे नक्की आवडेल.

मस्कतहून परत

मी चौदा वर्षे मस्कतला होतो, त्यामुळे तुमची अडचण जवळून ओळखतो. तुम्ही स्थळे विचारता आहात, पण मला वाटते की दर खेपेला पाहुण्यांना स्वतः फिरवणे तुम्ही थांबवायला हवे. मी सुरुवातीची चार वर्षे प्रत्येक पाहुण्याला निझवाचा किल्ला स्वतः दाखवला. एके दिवशी मुलीने विचारले की बाबा, आपण तिघेच कधी जाणार? तेव्हापासून शुक्रवारची सकाळ घरची, असे मी कार्यालयात लेखी कळवले आणि कोणीही वाईट मानले नाही. तुमच्या मुलाचे वय नऊ आहे, म्हणून हे आवर्जून लिहितो.

पंचगंगा

सर्वांचे आभार. मुलाविषयी जे लिहिले आहे ते मला पटते, पण या खेपेपुरते तरी कार्यक्रम ठरवणे भाग आहे. पाहुणे तीन आहेत. शुक्रवार २३ जानेवारीला रात्री पोहोचतील आणि सोमवारी रात्री मुंबईहून विमान आहे. दोघे हॉटेलात उतरतील, तिसऱ्या माझ्या जुन्या सहकारी असल्याने आमच्या घरीच राहतील. त्यांचे वय ६१ आहे, त्या शाकाहारी आहेत आणि मागच्या वर्षी त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे.

गोदाकाठ

ताई, ही तारीख आधी कळायला हवी होती! यंदा २६ जानेवारी सोमवारी आहे. प्रजासत्ताक दिनाला ड्राय डे असतो, त्यामुळे त्या दिवशी वाइनरीत चाखायला काहीही मिळणार नाही. शिवाय शनिवार, रविवार आणि सोमवार अशी सलग सुट्टी जुळून आल्याने मुंबई-पुण्याची मंडळी मोठ्या संख्येने येतील. वाइनरी शनिवारी दुपारी ठेवा आणि नोंदणी आजच करा. तोडणीचा हंगाम साधारण जानेवारी ते मार्च असतो, म्हणजे वेलींवर द्राक्षे दिसतील आणि काही ठिकाणी ती पायांनी तुडवण्याचा कार्यक्रमही असतो. परतताना गाडी चालवणारा वेगळा असावा.

दुसरी गोष्ट परतीच्या प्रवासाची. सोमवारी संध्याकाळी सगळी मुंबई नाशिकहून परत निघालेली असेल. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, पण आमण्याच्या पुढे भिवंडी आणि ठाण्याची कोंडी चुकत नाही. विमान रात्रीचे असले तरी दुपारी दोनच्या आत नाशिक सोडा.

निफाडकर

गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईंना हरिहरच्या पायऱ्यांवर नेऊ नये. चढताना एक वेळ जमेल, पण उतरताना कातळाकडे तोंड करून एकेक पाऊल मागे टाकावे लागते, आणि सुट्टीच्या दिवशी वर जाणारे आणि खाली येणारे त्याच अरुंद जिन्यात अडकतात.

त्याऐवजी नांदूर मधमेश्वरला या. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरील ही पाणथळ जानेवारी २०२० मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली आणि महाराष्ट्रातले ते पहिलेच रामसर स्थळ ठरले. गंगापूर रोडहून दीड तास धरा आणि सूर्य उगवायच्या सुमारास चापडगावच्या बाजूला पोहोचा. पाण्यावर धुके असते, काही दिसत नाही, फक्त चक्रवाकांचा आवाज येतो. मग धुके वर उचलू लागले की आधी जांभळ्या पाणकोंबड्या दिसतात आणि त्यांच्या मागे चमचे, थापटे, पट्टकदंब. स्थानिक मार्गदर्शकांकडे दुर्बीण असते. चालणे सपाट बांधावरून आहे, गुडघ्याला त्रास नाही.

गरम कपडे मात्र घ्या. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातले तापमान दर हिवाळ्यात बातम्यांत येते, ते आमच्याच तालुक्यातले. परतताना एखाद्या शेतावर हुरडा खायला थांबा. गोवऱ्यांच्या आरावर कणसे भाजून हातावर चोळून दिली जातात, सोबत शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ. त्यात मांस नाही, त्यामुळे तुमच्या शाकाहारी सहकारी बाईंनाही चालेल.

सह्यभटक्या

गुडघ्याविषयी आधी लिहिले असते तर मी हरिहर सुचवलाच नसता. तरीही बाकीच्या दोघांना रविवारी पहाटे पाठवता येईल असे माझे मत आहे. पाहुणे तिघे आहेत म्हणून तिघांनी सतत बरोबरच असले पाहिजे असे नाही.

गोदाकाठ

सलग सुट्टीतल्या रविवारी हरिहर नको, या मतावर मी ठाम आहे. गडावर जायचेच असेल तर दिंडोरी रस्त्याला रामशेज जवळ आहे आणि सोपा आहे.

येवलेकरीण

निफाडपर्यंत येतच आहात तर येवल्याला न येता परत जाऊ नये. पैठणी सगळ्यांनी पाहिलेली असते, पण माग चालताना फार थोड्यांनी पाहिला आहे. पदरावरचा मोर विणताना कारागीर प्रत्येक रंगाची वेगळी काडी हाताने धाग्यांतून फिरवतो, त्यामुळे दिवसभर बसून काही बोटेच पदर पुढे सरकतो. येवल्याच्या पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तुमच्या सहकारी बाईंना हे नक्की आवडेल.

कॉलेज रोड

शनिवारी सकाळी त्यांना मिसळ खिलवायलाच हवी. शहराबाहेर मळ्यांत झाडांखाली बसून खाण्याची जी पद्धत आपल्याकडे आहे, ती पाहुण्यांना फार आवडते. रस्सा वेगळ्या भांड्यात येतो, त्यामुळे तिखट न खाणाऱ्याला नुसती मटकी, शेव आणि पापड घेता येतो.

रंकाळा

पंचगंगाताई कोल्हापूरच्या आहेत, त्यांना मिसळ कशी असते हे सांगण्याची गरज नाही. मिसळ कोल्हापूरची, आणि तीही ब्रेडबरोबर.

कॉलेज रोड

नाशिकच्या मिसळीची चव वेगळी आहे आणि ती पावाबरोबरच लागते. पाहुणे नाशिकला येत आहेत, कोल्हापूरला नव्हे.

सातपूर निवासी

मिसळीचा विषय कृपया दुसरीकडे न्यावा. ताईंनी विचारलेले नाही, पण महत्त्वाचे आहे म्हणून लिहितो. तुमच्या सहकारी घरी उतरणार आहेत. परदेशी नागरिक कोणाच्या घरी मुक्कामाला आला तर घरमालकाने चोवीस तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर तशी नोंद करावी लागते. सगळे याला सी फॉर्म म्हणतात. हॉटेल ही नोंद स्वतःच करते, घरी मात्र ती यजमानाची जबाबदारी असते. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती त्यांच्याकडून आत्ताच मागवून ठेवा, कारण शुक्रवारी रात्री दमून आलेल्या माणसाला कागद काढायला लावणे बरे दिसत नाही.

पंचगंगा

सी फॉर्मविषयी मला खरोखर काहीच माहीत नव्हते. ऑगस्टपासून आमच्याकडे दोन जण राहून गेले आहेत, याची आता काळजी वाटते. ड्राय डेचेही लक्षात आले नव्हते. येवल्याचा माग पाहायला मला स्वतःलाच आवडेल, पण पहाटे पक्षी, दुपारी येवला आणि रात्री घरी जेवण हे एका दिवसात फार होईल. म्हणून शनिवारी सकाळी पांडवलेणी आणि दुपारी वाइनरी, रविवारी पहाटे नांदूर मधमेश्वर आणि हुरडा, असे ठरवत आहे. देवळाविषयी अजून विचारायचे आहे. मागच्या अनुभवानंतर मी धास्तावले आहे, पण एकही देऊळ न दाखवणे मनाला पटत नाही. आणि सोमवारी सकाळी काय करावे?

गोदाकाठ

पांडवलेण्यांना बऱ्याच पायऱ्या आहेत. तुमच्या सहकारी बाईंना वेळ घेऊन, थांबत थांबत चढू द्या. एकूण २४ लेणी आहेत, पण तीन क्रमांकाचे आणि दहा क्रमांकाचे नीट पाहिले तरी पुष्कळ झाले. दहामध्ये शक राजा क्षत्रप नहपान याच्या जावयाचे दानलेख आहेत. तिसऱ्यात गौतमी बलश्रीने, नहपानाच्या वंशाचा उच्छेद करणाऱ्या आपल्या मुलाचे, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे गुणगान कोरून ठेवले आहे. दोन शत्रूंच्या घराण्यांचे लेख एकाच डोंगरात काही पावलांच्या अंतरावर आहेत, हे सांगितले की पाहुणे थांबून पाहतात.

देवळासाठी सिन्नरचे गोंदेश्वर निवडा. यादवकालीन, बाराव्या शतकातले, भूमिज शैलीचे, म्हणजे शिखरावर लहान शिखरांच्या ओळी असलेले देऊळ आहे. मधले महादेवाचे आणि चार कोपऱ्यांना चार लहान देवळे असे पंचायतन आहे. मोकळे आवार आहे, रांग नाही, आणि निम्मे सौंदर्य बाहेरच्या भिंतींवर आहे. रविवारी संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जा.

द्राक्षबाग पिंपळगाव

सोमवार सकाळविषयी सुचवतो. जानेवारीत आमच्याकडे निर्यातीची तोडणी सुरू असते आणि पॅकहाउस सुट्टीच्या दिवशीही चालू असते, कारण द्राक्ष थांबत नाही. तुमचे पाहुणे कारखान्यातले आहेत, त्यांना वाइनपेक्षा हे जास्त रुचेल असे मला वाटते. पहाटे तोडलेला माल क्रेटमधून येतो. टोप्या घातलेल्या बायका प्रत्येक घड उजेडात फिरवून पाहतात, डागाळलेला किंवा लहान राहिलेला मणी बारीक कात्रीने काढतात, आणि अर्धा-अर्धा किलोचे दहा पनेट, म्हणजे छोटे डबे, एका पेटीत भरतात. पेट्या प्रीकूलिंगला जातात, नंतर शीतगृहातून कंटेनर. भारतातून सर्वांत जास्त द्राक्षे नेदरलँड्सला जातात आणि तिथून पुढे युरोपभर. फेब्रुवारी-मार्चमध्ये जर्मनीतल्या दुकानात बिनबियांची हिरवी द्राक्षे दिसली तर ती आमच्या पट्ट्यातली असण्याची शक्यता चांगलीच असते.

आधी कळवले तर आमच्या ओळखीच्या पॅकहाउसमध्ये सोय होईल. हात धुऊन, टोपी घालून आत जावे लागते आणि अंगठ्या-बांगड्या बाहेर ठेवाव्या लागतात. दहा वाजता या, साडेअकराला मोकळे व्हाल, म्हणजे दोनच्या आत मुंबईला निघणेही जमेल.

पंचगंगा (२७ जानेवारी)

पाहुणे सुखरूप गेले, म्हणून सविस्तर कळवते. दुपारी पावणेदोनला निघूनही भिवंडीजवळ तासभर अडकले, तरी विमान मिळाले. पाचला निघाले असते तर नक्कीच चुकले असते. सी फॉर्म शुक्रवारी रात्रीच भरला. नांदूर मधमेश्वरला माझा मुलगाही आला होता. थंडीने त्याचे ओठ निळे पडले होते, पण मार्गदर्शकाच्या दुर्बिणीला जो चिकटला तो हुरड्याचे आमिष दाखवल्यावरच हलला. येत्या रविवारी कोणीही पाहुणे नसताना पुन्हा जायचे, असे त्याने माझ्याकडून कबूल करून घेतले आहे. मस्कतहून परत आलेल्या दादांना हे मुद्दाम कळवते, आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार मोकळा हवा असे मी कार्यालयात लेखी दिले आहे.

पॅकहाउसमध्ये ठरवला होता त्याच्या दुप्पट वेळ गेला आणि परतीची वेळ जेमतेम सांभाळता आली. माझ्या सहकारी बाई पंचवीस मिनिटे एकाच टेबलाशी उभ्या होत्या आणि शेवटी कात्री मागून त्यांनी एक घड स्वतः साफ केला. पिंपळगावच्या दादांसाठी त्यांचा प्रश्न आहे: जर्मनीत पेटी हातात आली तर ती कोणत्या बागेतली आहे हे शोधता येते का?

द्राक्षबाग पिंपळगाव

ताई, येते. युरोपला जाणाऱ्या प्रत्येक बागेची अपेडाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या, ग्रेपनेट प्रणालीत नोंदणी असते, आणि तोडणीआधी त्या बागेच्या नमुन्याची फवारणीच्या औषधांच्या अंशासाठी प्रयोगशाळेत तपासणी होते. पेटीवरच्या क्रमांकावरून थेट प्लॉटपर्यंत पोहोचता येते. बाईंना सांगा, पनेटवर नव्हे, बाहेरच्या पेटीवर पाहा. दुकानदाराकडे रिकामी पेटी मागितली तर बहुधा मिळेल. तिचा फोटो इथे टाका, बाग कोणाची आहे हे शोधायचा मी प्रयत्न करीन.