वाकड्या शिंगाचं कारण मागच्या पायात

एक समज असा की चितळासारख्या हरणांत नराचं एक शिंग वेडंवाकडं निघालं तर तो म्हातारा झाला, म्हणून शिकारी असे नर आधी टिपायचे. वयाचा भाग असतोच, पण त्यात एक कारण राहून गेलं. मागच्या पायाला मोठी इजा झाली, तर बहुतेक वेळा विरुद्ध बाजूचं शिंग खुरटतं किंवा वाकतं. डावा पाय मोडला की उजवं शिंग.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीच्या रस्त्याला एक चितळ नर अगदी जवळून पाहिला. डावा मागचा पाय टेकत नव्हता. डावं शिंग छान तीन टोकांचं. उजवं वीतभर आणि कानाकडे वळलेलं, त्यावर अजून मखमली कातडी. ही कातडी रक्ताने भरलेली, ऊबदार असते. ती शिंगावर असते तेव्हा साधा धक्काही शिंग बिघडवतो. तो बिघाड शिंग गळलं की जातो, पण शिंग जिथून उगवतं तो कवटीवरचा खुंटच दुखावला तर दरवर्षी नव्या शिंगात परततो.

आणि हो, गळून पडलेलं शिंगही उचलून घरी नेऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, शिवाय साळिंदरं ते कॅल्शियमसाठी कुरतडतात.