सोसायटीचा डांबरी रस्ता: पॅच मारून कार्पेट, की मुळापासून नवा?

सोसायटी_देखभाल (पुणे):
गेटपासून पार्किंगपर्यंतचा आमचा डांबरी रस्ता ११० मीटर लांब, ४.५ मीटर रुंद आहे, वय १४ वर्षं. मधे लांबट भेगा पडल्यात, खडी उघडी पडलीय. १०,००० लिटरचा पाण्याचा टँकर रोज जिथे उभा राहतो, तिथे साधारण ६० चौ.मी. भागात जाळीसारख्या भेगा पडून रस्ता दबलाय. एक ठेकेदार म्हणतो, सरसकट ४० मिमी कार्पेट (जुन्या रस्त्यावर डांबर-खडीचा नवा थर) मारू. दुसरा सगळं उकरून नवं करायला सांगतो, त्याचा दर तिप्पट. सभेत काय मांडावं?

खडी_डांबर:
दोघांपैकी कोणालाही होकार देण्याआधी दोन खड्डे घ्या, ६०×६० सेंमीचे. एक जाळीच्या भेगांत, एक चांगल्या भागात. डांबराचा थर किती, खाली खडी स्वच्छ आहे की तिच्यात माती वर आलीय, तळाला काळी माती ओली आहे का, हे बघा. पावसानंतर भेगांच्या तोंडाशी चिखलाची बारीक रेघ दिसत असेल तर खालचा थर गेलाय असं समजा.

जाळीच्या भेगा म्हणजे पाया खचलाय. त्यावर कार्पेट मारलं की पावसाळ्यात तोच नकाशा वर येतो. लांबट भेगांचं तसं नाही. डांबर जुनं होऊन कडक झालं की त्या पडतात, आणि खाली पाया घट्ट असेल तर रस्ता वाचतो.

तुमचा बिघडलेला भाग ६० चौ.मी., म्हणजे एकूण ४९५ पैकी जेमतेम १२ टक्के. चांगल्या भागातला खड्डा कोरडा आणि घट्ट निघाला तर सगळं उकरणं हा पैशांचा अपव्यय आहे. तिथेही माती वर आलेली दिसली तर मात्र दुसऱ्या ठेकेदाराचं बरोबर आहे.

सोसायटी_देखभाल:
चांगल्या भागातला खड्डा घट्ट निघाला असं धरू. मग कामाचा क्रम काय?

खडी_डांबर:
आधी पाणी. टँकरचा पाइप काढताना सांडतं ते कुठे जातं? गटाराकडे २ ते २.५ टक्के उतार नसेल तर नवा पायाही खचेल.

मग खराब भाग, त्याच्या कडेपासून ३० सेंमी जास्त धरून, कटरने सरळ उभा कापा. घट्ट थर लागेपर्यंत उकरा. तिथे मी डांबर पुन्हा घालणारच नाही. उभ्या वाहनातून गळणारं डिझेल डांबर मऊ करतं आणि भार रोज एकाच जागी येतो. घट्ट खडीच्या थरावर १५० ते २०० मिमी जाडीचं एम-३० प्रतीचं काँक्रीट करा, पूर्ण क्युरिंग होईपर्यंत टँकर बाहेर ठेवा.

बाकी रस्त्यावर ३ मिमीपेक्षा रुंद भेगा कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करून, कोरड्या असतानाच गरम रबराइज्ड (रबर मिसळलेल्या) डांबराने भरा. ही पायरी ठेकेदार हमखास गाळतात, आणि कार्पेटमधून तीच भेग पुन्हा वर येते.

लेव्हल_बघा:
एक भर. ४० मिमी वाढले की पाणी पार्किंगमध्ये शिरतं आणि चेंबरची झाकणं खड्ड्यात जातात. निदान पार्किंगच्या तोंडाशी आणि गेटपाशी जुना थर मिलिंग करून (मशीनने खरवडून) तेवढाच काढा. चेंबरच्या फ्रेम कार्पेटच्या आधी उचलून घ्या.

माल मोजून घ्या. काँक्रीटचा भाग वगळता ४३५ चौ.मी. × ०.०४ मीटर म्हणजे १७.४ घनमीटर. दाबलेल्या मिक्सचं (डांबर-खडीच्या मिश्रणाचं) वजन घनमीटरला अंदाजे २.३५ टन, म्हणजे सुमारे ४१ टन. प्रत्येक गाडीची वजनकाट्याची पावती मागा. पावत्यांची बेरीज ३० टनांवर थांबली तर थर ३० मिमीचाही भरणार नाही.

टॅक कोट (नवा थर जुन्याला चिकटवणारं, पाण्यात मिसळलेलं डांबर; आरएस-१ इमल्शन) चौ.मी.ला ०.२ ते ०.३ किलो, एकूण ९० ते १३० किलो. तपकिरी रंग जाऊन काळा झाल्याशिवाय त्यावर मिक्स टाकू देऊ नका. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचं मिक्स पसरताना १४० अंशांच्या खाली नको, रोलिंग ते ९० अंशांवर यायच्या आत संपायला हवं. थर्मामीटर स्वतःचा आणा. गाडी उशिरा आली आणि मिक्स थंड असलं तर परत पाठवा. थंड मिक्स दबत नाही, त्यात पोकळ्या राहतात, पाणी शिरतं आणि खडी सुटते.

काम नोव्हेंबर ते मे दरम्यान, रस्ता पूर्ण कोरडा असताना. जूनमध्ये घाईने उरकू नका. पावसाळ्यात अडलंच तर खड्ड्यांपुरतं कोल्ड मिक्स (गरम न करता वापरायचं मिक्स) टाकून वेळ काढा.

सोसायटी_देखभाल:
पेव्हर ब्लॉकचं काय? काही सभासदांचा आग्रह आहे.

लेव्हल_बघा:
खालून पाण्याच्या आणि केबलच्या लाइन वारंवार उकरत असाल तर जरूर करा, ब्लॉक काढून परत बसवता येतात. पण टँकरसाठी ८० मिमी जाडीचेच घ्या, ६० मिमीचे नको. दोन्ही कडांना काँक्रीटची पक्की कड लागते, नाहीतर ब्लॉक बाजूला सरकतात. आणि पाया ओला असेल तर ब्लॉकही तसेच खचतात, म्हणून ते तपासणीचे खड्डे तरीही घ्याच.