मदत हवी आहे : बेटावर गेलं की रोपाचं झाड का होतं?

सड्यावरची : उद्या सकाळी १० ला टीवायचा (कॉलेजचं तिसरं वर्ष) सेमिनार. विषय, बेटांवरच्या वनस्पतींची वाढ. डार्विनचं (१८५९) लिहिलंय : मोठ्या झाडांची बी समुद्र ओलांडून क्वचितच पोचते, म्हणून पोचलेले हर्ब्सच, म्हणजे लाकूड नसलेली मऊ खोडाची रोपंच, एकमेकांच्या वर चढत पिढ्यान्‌पिढ्यांनी झाड होतात. सर म्हणाले, अर्धंच आहे. उरलेलं काय? लवकर!

चोडणकार : कुठलं बेट? दिवाडी घे, फेरीने जा, फोटो काढ.

पानवेडा : दिवाडी नको! गोव्यात मांडवी नदीतच आहे ते, पलीकडची बी रोज येते. मुख्य भूमीला कधीच न जोडलेलं बेट हवं. गालापागोसमधली स्कॅलेशिया बघ, सूर्यफुलाच्या कुळातली, एक जात १५ मीटरपर्यंत जाते. आपली एकदांडी त्याच कुळातली. आत्ता अंगणातली उपटून बघितली, दांडा चुरगळतो, लाकडाचं नाव नाही.

माई_म्हापसा : कुंडीत नुसतं उंच होत असेल तर शेंडा खुडायचा. माझी जास्वंद तशीच भरली.

सड्यावरची : माई, कुंडी नाहीये 🙏

कोरडवाहू : स्पर्धाबिर्धा सोडा, पाणी बघा. कॅनरी बेटांच्या कोरड्या भागात लाकडी खोडाच्या जाती भरपूर. लाकूड असलं की दुष्काळात पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत हवेचे बुडबुडे सहज शिरत नाहीत.

पानवेडा : मग ओल्या डोंगरात लाकडी झालेल्यांचं काय? वनस्पतिशास्त्रज्ञ कार्लक्विस्टचं म्हणणं, बेटावर हवा वर्षभर सारखी, वाढ थांबवावीच लागत नाही.

कोरडवाहू : सारखी? हवाई बेटांवरच्या मौना केआ डोंगरावर बर्फ पडतं, तिथेही सिल्व्हरस्वोर्ड आहेच, तेही सूर्यफुलाच्याच कुळातलं, लाकडी झालेलं.

चोडणकार : बोंदेराला (दिवाडीचा झेंड्यांचा उत्सव) या सगळे, तिथे भांडा.

खोडकिडा : सरांनी नेमकं काय लिहिलंय? शब्दन् शब्द टाक.

सड्यावरची : समासात दोनच शब्द, ‘पूर्वज कोण?’ मला वाटलं डार्विनचे.

खोडकिडा : हे आधी सांगायचंस! डार्विनचे नाहीत, रोपांचे : बेटावर आलेला पूर्वज हर्ब होता की आधीच लाकडी? डीएनएवरून दिसतं की हवाईच्या लोबेलियांचा पूर्वज बहुधा लाकडीच आला. मग बेटाने काय केलं? कॅनरीतल्या एकियम या रोपांचं उलट. मुख्य भूमीवरचे भाऊबंद बहुतेक हर्ब, बेटावर झुडपं. दोन्ही शेजारी मांड.

सड्यावरची : मांडते. स्लाइड चौथीपासून बदलायला लागणार.

माई_म्हापसा : खुडलास का शेंडा?