मदत हवी आहे: सिपोरेक्सच्या भिंतीवर एलपी रेकॉर्ड्सचं शेल्फ टिकेल का?

मंडळी, बाबांच्या दीडेकशे एलपी आहेत, नाट्यसंगीत, भावगीतं, थोडं शास्त्रीय, त्या आता कोथरूडच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीवर लावायच्यात. पण भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकची), ड्रिल मारलं की नुसती पांढरी भुकटी पडते आणि साधी प्लास्टिकची गिट्टी हाताने ओढली तरी बाहेर येते. एक एलपी कव्हरसकट पाव किलोच्या आसपास धरली तरी ३५-४० किलो होतात, वर प्लायचं वजन वेगळं.

सुतार म्हणतो आडव्या रचा, जागा वाचेल. अहो, तशा रचल्या की खालच्या वाकतात! उभ्याच ठेवणार, आतून १३ इंच उंची-खोली पुरते.

शिवाय आठ-दहा कव्हरं दर्शनी लावायचीत, एल आकाराच्या पट्टीवर, म्हणजे मन होईल तशी बदलता येतील. पण पश्चिमेचं ऊन तिथेच येतं, रंग उडतील, तबकड्याही तापून वाकतील, म्हणून त्या आतच ठेवून रिकामी कव्हरं लावू का? आणि पावसाळ्यात ओल येते, तर मागे प्लाय आणि भिंतीत किती फट सोडता?

सिपोरेक्सचे वेगळे फास्टनर पुण्यातल्या बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात, कुणी घेतलेत का, धरतात का नीट? की सरळ जमिनीवर टेकणारं रॅक करून भिंतीला फक्त अडकवू?